पाणी आहे, पण तूप थिजलंय

एप्रिलच्या दुपारी जळगावहून भुसावळला दुचाकीवर निघालं की अर्ध्या रस्त्यात माझे डोळे वाहायला लागायचे. घरी पोहोचेपर्यंत ते लालभडक झालेले असायचे आणि पापणीखाली वाळूचा कण अडकल्यासारखं सारखं खुपायचं. मायचं निदान ठरलेलं होतं: "डोयामा उष्णता उतरनी." मग गुलाबपाणी, काकडीच्या चकत्या, झोपताना ओला कापूस. तासभर बरं वाटायचं, पुन्हा तेच.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी "डोळे कोरडे आहेत" असं सांगितलं तेव्हा मला पटेना. दिवसभर गळणारा डोळा कोरडा कसा?

त्यांनी दोन तपासण्या करून दाखवल्या. पहिली जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑटो शिर्मर यांनी १९०३ साली सांगितलेली. कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि ५ मिनिटांत ती किती भिजते ते मोजायचं. १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर पाणी कमी असल्याची शंका येते. माझी १८ भिजली, म्हणजे पाणी भरपूर होतं. दुसऱ्या तपासणीत डोळ्यात नारिंगी रंग सोडून निळ्या उजेडात बघतात आणि पापणी मिटू नका म्हणतात. अश्रूंचा थर किती वेळात फाटतो ते त्यात कळतं. निदान १० सेकंद तरी तो टिकायला हवा. माझा चौथ्या सेकंदाला फाटला.

हा थर जेमतेम ३ मायक्रॉन जाड असतो, डोक्याच्या केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढा. बुबुळाला चिकटून राहणारं बुळबुळीत द्रव्य, त्यात मिसळलेलं पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा पातळ पापुद्रा. तेल पाण्याला उडू देत नाही. ते कमी पडलं की थर जागोजागी फाटतो, बुबुळावरच्या नसा उघड्या पडतात आणि मेंदूकडे तक्रार जाते. मग अश्रुग्रंथी कांदा चिरताना सोडते तसं पाणी भसाभस सोडते. पण वर तेल नाही, म्हणून ते टिकत नाही, गालावरून ओघळून जातं. कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांत पाणी कमी असलेल्यांपेक्षा तेल कमी पडलेले जास्त असतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तेल येतं पापण्यांच्या काठातून. वरच्या पापणीत अशा २५ ते ४० ग्रंथी ओळीने उभ्या असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. जर्मन वैद्य हाइनरिश माइबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. दर वेळी पापणी मिटते तेव्हा त्या दाबल्या जातात आणि तेलाचा सूक्ष्म थेंब बाहेर येतो. मोबाइलकडे बघताना आपण निम्म्याहून कमी वेळा पापणी मिटतो, तीही बऱ्याचदा अर्धवटच.

आता डिसेंबरातली तुपाची बरणी आठवा. मार्गशीर्षाच्या थंडीत तूप थिजतं, चमचा उभा राहतो. निरोगी पापणीतलं तेल अंगच्या उबेवर पातळ राहतं. ग्रंथी बिघडल्या की तेलाची घडण बदलते, ते वितळायला जास्त ऊब लागते. थिजलेलं तेल तोंडाशी अडकतं, वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर ग्रंथी आक्रसत जातात. एकदा गेलेली ग्रंथी सहसा परत येत नाही, म्हणून मला हे लोकांना लवकर सांगावंसं वाटतं.

खान्देशात आपण डोळ्याला थंडावा शोधतो, आणि या दुखण्याला हवा असतो शेक. साधारण ४० अंशांचा, हाताच्या मनगटाला सुखद वाटेल इतकाच, मिटलेल्या पापण्यांवर ५ ते १० मिनिटं. ओला रुमाल दोन मिनिटांत निवतो, तिथेच बहुतेकांचा उपाय फसतो. मी तीन रुमाल आलटून पालटून वापरते. नंतर वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, बोटाने हलकेच निपटायची. बुबुळावर दाब द्यायचा नाही. मला फरक जाणवायला सहा आठवडे लागले.

आजी डोळ्यात एरंडेल घालायला सांगायची. तिचा कयास चुकीचा नव्हता, डोळ्याला तेलच हवं होतं. जपानमध्ये २००२ साली अगदी सौम्य प्रमाणातल्या एरंडेलाच्या थेंबांनी अशा रुग्णांना आराम पडल्याचं दिसलं. पण ते थेंब निर्जंतुक केलेले होते, घरातली बाटली तशी नसते. गुलाबपाणी आणि मध यांचंही तेच. जवसाचं म्हणाल तर, त्यात आणि माशाच्या तेलात ओमेगा-३ हा स्निग्ध घटक असतो. त्यावर अमेरिकेत पाचशेहून अधिक रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. २०१८ च्या निष्कर्षात माशाच्या तेलाच्या गोळ्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. कळण्याच्या भाकरीबरोबर जवसाची चटणी मी आजही खाते, डोळ्यांसाठी म्हणून नाही.

एक चूक मात्र कुणी करू नये. एका दुकानातून मी चिठ्ठीशिवाय थेंब आणले होते आणि दोन दिवसांत लाली गेली म्हणून महिनाभर घालत राहिले. त्यात स्टिरॉइड होतं. ते देखरेखीशिवाय चालू ठेवलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. माझा दाब वेळेत तपासला गेला. साधे वंगणाचे थेंब वेगळे. तेही दिवसातून चार-पाच वेळांपेक्षा जास्त लागत असतील तर परिरक्षक नसलेले घ्यावेत, कारण बाटली टिकवणारं रसायन वारंवार पडून बुबुळालाच टोचतं. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर शोग्रेनचा आजार तपासायला हवा, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. डोळा खूप दुखू लागला, अंधुक दिसू लागलं, तर शेकत बसू नये, सरळ डॉक्टर गाठावा.

आणि कूलर. वैशाखातल्या आपल्या हवेत ओलावा इतका कमी असतो की अश्रूही वाळत घातलेल्या कपड्यासारखे सुकतात. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा कूलरचा वारा खोलीत ओलावा आणतो, म्हणून एसीपेक्षा तो डोळ्यांना बरा. फक्त झोत तोंडावर नको. आमचा कूलर आता भिंतीकडे वळवलेला आहे.

पन्नाशीनंतर, पाळी गेल्यावर, हा त्रास बायकांना जास्त होतो. जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत दिवस काढणाऱ्या आमच्या गल्लीतल्या दोघी डोळे पुसत पुसत घरी येतात आणि "वय झालं" म्हणतात. मायलाही तोच त्रास निघाला. पहिल्या दिवशी ती माझ्यावर खेकसली होती: "उन्हायामा डोयाले शेक?" आता दिवेलागणीला तीच विचारते, पाणी तापलं का, आणि रुमाल पिळून माझ्या आधी खाटेवर आडवी होते.