दूरध्वनी मुलाखत : संशोधन पद्धती

उत्तरदात्याच्या घरी न जाता फोनवर प्रश्न विचारून संशोधनासाठी माहिती गोळा करण्याची पद्धत. ठरावीक प्रश्नावलीची मुलाखत १५ ते २० मिनिटांत आटोपावी लागते. त्यापुढे माणूस नुसता ‘हां, हां’ करू लागतो. मोकळ्या प्रश्नांची सखोल मुलाखत वेळ आधी ठरवली असेल तर पाऊण तासही चालते. प्रवासखर्च वाचतो आणि करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतचा सोलापूर जिल्हा एका खोलीतून गाठता येतो. अडचण एवढीच, की नंबर मिळाला म्हणजे माणूस मिळाला असे होत नाही.

मोबाइलची सार्वजनिक डिरेक्टरी नाही. संगणकाने यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या उचलल्यासारखे, जुळवलेले दहा आकडी नंबर लावावेत, तर मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच दूरसंचार परिमंडळ असल्याने फोन नांदेडला किंवा पणजीलाही लागतो. ०२१७ ने सुरू होणारा लँडलाइन सोलापूरचाच, पण तो आता मुख्यतः कचेऱ्या, दवाखाने आणि जुन्या घरांत उरला आहे. त्यामुळे आधीच्या घरोघरच्या पाहणीतली किंवा एखाद्या संस्थेची यादी, तीही संबंधितांच्या संमतीने, वापरणे बरे. मात्र दवाखान्याच्या यादीवरचा अभ्यास तिथे येणाऱ्यांपुरताच असतो. त्याला ‘सोलापूरकरांचे मत’ म्हणू नये.

घरातला नेमका कोण निवडायचा? ज्या प्रौढाचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला त्याच्याशी बोलावे, अशी एक रूढ युक्ती आहे. आपल्याकडे शाळेत नाव घालताना लावलेली १ जून ही तारीख अनेकांना आयुष्यभर चिकटते. सासू, सासरे आणि काका तिघांचा वाढदिवस एकच निघाला की युक्ती संपली. त्यापेक्षा घरातले प्रौढ वयाच्या क्रमाने लिहून तक्त्यावरून एक निवडावा. ही रीत संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये मांडली.

विडी कामगार बायकांच्या बाबतीत हा पेच सर्वांत जास्त जाणवतो. फोन बहुधा नवऱ्याचा किंवा मुलाचा. तो स्पीकर लावून शेजारी बसतो आणि मजुरीचा आकडा तोच सांगतो. ‘ताई, आत्ता मोकळं बोलता येईल का?’ हे आधी विचारावे, नसेल तर दुसरी वेळ घ्यावी. नाजूक प्रश्न ‘हो’, ‘नाही’ किंवा आकड्यात उत्तर येईल असे रचले, तर शेजारच्याला प्रश्न कळत नाही. अर्थात स्पीकर बंद असेल तरच. ‘महिन्याची कमाई किती?’ हा प्रश्न फुकट जातो, कारण मजुरी हजार विड्यांमागे मिळते. गेल्या आठवड्यात किती हजार वळल्या आणि हजाराला काय दर पडला, हे विचारून गुणाकार आपण करावा.

प्रश्नावली मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी हिंदीत आधीच लिहून ठेवावी. मुलाखतकाराने फोनवरच भाषांतर केले, तर प्रत्येकाला वेगळाच प्रश्न विचारला जातो. पर्याय चारच्या वर नकोत. नुसते ऐकणाऱ्याच्या लक्षात शेवटचा पर्याय राहतो आणि तोच निवडला जातो. म्हणून क्रम आलटूनपालटून वाचावा. पाच पायऱ्यांची मोजपट्टी दोन प्रश्नांत फोडावी: आधी समाधानी, असमाधानी की दोन्ही नाही, मग पहिल्या दोघांना खूप की थोडे.

अनोळखी नंबर लोक उचलत नाहीत. कर्जवसुली आणि फसवणुकीच्या फोनांनी ही सवय लावली आहे. आदल्या दिवशी संस्थेचे नाव आणि खातरजमेसाठी कार्यालयाचा नंबर मेसेजने पाठवावा. आधार, बँक खाते, ओटीपी यांचा उल्लेखही नको. यंत्रमागावर पाळीच्या वेळी लावलेल्या फोनवर धडधडीखेरीज काही ऐकू येत नाही. जानेवारीत सोलापुरातली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि आषाढीच्या सुमारास पंढरपूर भागात काम थांबवलेलेच चांगले.

९५ टक्के विश्वासपातळी आणि ±५ टक्के त्रुटीसाठी साध्या यादृच्छिक नमुन्यात ३८४ पूर्ण मुलाखती लागतात. समजा चारांतली एकच पूर्ण झाली, तर दीड हजारांहून जास्त नंबर हाताशी हवेत. प्रत्येक नंबर वेगवेगळ्या वारी आणि वेळी किमान पाचदा लावावा. ‘उचलला नाही’, ‘बंद’, ‘नकार’, ‘चुकीचा नंबर’ हे निकाल वेगळे नोंदवावेत. सगळे ‘प्रतिसाद नाही’ या एकाच रकान्यात टाकले, की प्रतिसाद-दर काढताच येत नाही.

संमती तोंडी घ्यावी आणि ती ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच नोंदवावी. २०२२ मध्ये गूगलने अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरवरील बाहेरच्या अ‍ॅपना कॉल रेकॉर्डिंगची वाट बंद केली. अनेक फोनमधली अंगची सोय सुरू होताच मोठ्याने सूचना देते आणि समोरचा दचकतो, म्हणून आधी सांगून ठेवावे. तासाभराच्या मुलाखतीचे शब्दांकन करायला चार तास तरी लागतात. नंबर आणि उत्तरे वेगळ्या फायलींत ठेवावीत.

शेवटी पर्यवेक्षकाने दहा टक्के उत्तरदात्यांना पुन्हा फोन करून वय, घरातली माणसे आणि शिक्षण एवढेच विचारावे. उत्तरे जुळली नाहीत तर मुलाखतकारावर खोटेपणाचा शिक्का मारण्याआधी, त्या दिवशी फोन कोणी उचलला होता ते तपासावे.