पार्श्वभूमी : वाचनयादीमागची जुनी यादी

कॅथलिक लेखक ‘सध्या हातात काय आहे’ हे सांगायला बसला की सहसा तीन गोष्टी येतात: अर्धी झालेली कादंबरी, उशाशी पडलेली पुस्तके आणि रात्री जागून पाहिलेली एखादी मालिका. कुणीही लेखक हेच सांगेल. फरक पडतो तो पुरवणीत. भयपटाचे, खूनकथेचे किंवा जादूटोण्याच्या कादंबरीचे नाव आले की पाठोपाठ हिंसा फार असल्याची सूचना तरी येते, नाहीतर शेवटी क्षमेचा मुद्दा छान आल्याची ग्वाही तरी. हे अर्धे वाक्य कुठून आले ते पाहायला फार मागे जावे लागत नाही. १९६६ पर्यंत गेले तरी पुरते.

निषिद्ध ग्रंथांची सूची, म्हणजे कॅथलिकांनी वाचू नयेत अशा पुस्तकांची चर्चची यादी, रोमहून १५५९ मध्ये निघाली आणि तिची शेवटची आवृत्ती १९४८ ची. मधल्या जवळपास चार शतकांबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. इथे ललित लेखनापुरते पाहू. फ्रेंच लेखकांपैकी बाल्झाक आणि झोला तीत होते. ह्यूगोची ‘ले मिझेराब्ल’ ही मोठी कादंबरी १८६४ मध्ये सूचीत गेली आणि १९५९ मध्ये सुटली. सार्त्रचे सगळे लेखन १९४८ मध्ये एका फटक्यात निषिद्ध झाले, तर जीदचे त्याच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये. पण सूचीत नाव नाही म्हणून पुस्तक वाचायला मोकळे, असेही नव्हते. १९१७ च्या चर्च कायद्यातले कलम १३९९ पुस्तकांचे प्रकारच्या प्रकार निषिद्ध ठरवत होते. सूची ही वानगी होती. खरे कुंपण कलमाचे होते.

हे कुंपण रोजच्या जगण्यात कसे जाणवे? अमेरिकेच्या दक्षिणेत, आईबरोबर शेतावर राहणाऱ्या आणि मोर पाळणाऱ्या एका कथालेखिकेने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका ओळखीच्या धर्मगुरूला पत्र लिहून जीद आणि सार्त्र वाचायची परवानगी मागितली होती. तिच्याकडे जमणाऱ्या वाचनमंडळात ही पुस्तके निघणार होती. जीद तिला मुळीच आवडत नव्हता, पण इतर बोलत असताना आपण गप्प बसायचे हे तिला पटत नव्हते. तिच्या स्वतःच्या कथांत खून आहेत, फसवणूक आहे, चोरीला गेलेला लाकडी पाय आहे. असे लिहिणारी बाई वाचण्यासाठी मात्र रीतसर परवानगी मागते, यात तिला काही विसंगत वाटत नव्हते.

लिहिणाऱ्यावरही नजर होती. मेक्सिकोत कॅथलिक चर्चचा छळ सुरू असताना पळत फिरणाऱ्या दारूड्या धर्मगुरूची कादंबरी १९४० मध्ये आली. तेरा वर्षांनी रोमने तिच्यावर ठपका ठेवला आणि मजकूर बदलायची सूचना लंडनमार्गे लेखकापर्यंत पोचली. हक्क प्रकाशकांकडे आहेत, असे सांगून लेखकाने नम्रपणे अंग काढून घेतले. प्रकरण तिथेच थंडावले. व्हॅटिकनच्या सचिवालयातल्या ज्या अधिकाऱ्याने तेव्हा पुस्तकाची बाजू घेतली होती, तेच पुढे पोप झाले. १९६५ मध्ये लेखक त्यांना भेटला तेव्हा त्यांनी सांगितले की तुमच्या पुस्तकांतले काही ना काही काही कॅथलिकांना खटकत राहणारच, तिकडे लक्ष देऊ नका.

याच पोपच्या काळात सूची गेली. कशी गेली, तिथे मात्र गुंता आहे. डिसेंबर १९६५ मध्ये श्रद्धातत्त्वांची राखण करणाऱ्या विभागाची पुनर्रचना झाली, त्याचे नावही बदलले. त्या आदेशात सूचीचा उल्लेखच नव्हता. रद्द केली असेही नाही, राहील असेही नाही. लोक विचारत राहिले. अखेर १४ जून १९६६ रोजी एक छोटी अधिसूचना निघाली. तिचे म्हणणे असे: सूचीला यापुढे चर्च कायद्याचे बळ नाही, शिक्षाही नाहीत, तिचे नैतिक बळ मात्र कायम आहे. श्रद्धेला आणि नीतीला धोका पोचवणाऱ्या लेखनापासून जपावे ही शिकवण ती सदसद्विवेकबुद्धीला देत राहील. भाविकांच्या, विशेषतः लेखक, प्रकाशक आणि शिक्षकांच्या प्रगल्भ विवेकावर आपला विश्वास आहे, असेही तीत म्हटले होते.

‘नैतिक बळ’ म्हणजे नेमके काय? एका वाचनाप्रमाणे बंदी तशीच राहिली, दंड तेवढा उठला. दुसऱ्याप्रमाणे विषय संपला, ते वाक्य ही निरोपाची औपचारिकता. पाच महिन्यांनी, १५ नोव्हेंबरला, आणखी एक आदेश काढावा लागला: कलम १३९९ आणि शिक्षेचे कलम २३१८ रद्द, आणि त्या शिक्षेखाली जे बहिष्कृत झाले होते ते आपोआप मोकळे. तरी वाद मिटला नाही. १९८५ मध्ये, येशूचे चरित्र साक्षात्कारात दिसल्याच्या रूपाने सांगणाऱ्या एका इटालियन महाग्रंथाबद्दल विचारणा झाली. तो १९५९ मध्ये सूचीत गेला होता. श्रद्धातत्त्वांच्या त्याच विभागाच्या प्रमुख कार्डिनलांचे उत्तर आले ते १९६६ चेच शब्द घेऊन: सूची विसर्जित झाली असली तरी तिचे नैतिक बळ टिकून आहे. सूची जाऊन तोवर एकोणीस वर्षे झाली होती.

दोन्ही बाजूंना आपापले वाचन पटण्याजोगे आहे. पण परिणाम पाहिला तर एकच दिसतो. आधी ‘हे वाचू का’ हा प्रश्न बिशपांच्या कार्यालयाचा होता. त्या वाक्याने तो प्रत्येकाच्या उशाशी आणून ठेवला, आणि उत्तर दिले नाही. लेखकांवर तर दुहेरी भार पडला, कारण अधिसूचनेने त्यांचे वेगळे नाव घेतले होते. वाचनयादीतले ते पुरवणीचे अर्धे वाक्य म्हणजे एका परीने स्वतःच स्वतःला दिलेला परवाना.

सिनेमाची कथा जवळपास समांतर, फक्त अधिक गजबजलेली. अमेरिकेत १९३० च्या दशकात कॅथलिकांनी चित्रपटांना अ, ब, क अशा श्रेणी द्यायला सुरुवात केली. ‘क’ म्हणजे त्याज्य. चर्चमध्ये उभे राहून असे चित्रपट न पाहण्याची शपथ घेतली जाई. १९३६ च्या पोपच्या परिपत्रकाने या मोहिमेची स्तुती केली. पुढे १९९५ मध्ये सिनेमाची शंभरी झाली तेव्हा व्हॅटिकनकडून जी यादी निघाली ती निषिद्धांची नव्हती, पाहाव्यात अशा ४५ चित्रपटांची होती: धर्म, मूल्ये आणि कला, प्रत्येकी पंधरा. कलेच्या रकान्यात १९२२ चा एक मूक रक्तपिपासूपट आहे. भयपट आवडणारे कॅथलिक लेखक हा दाखला हमखास देतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

जादूच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या कादंबऱ्यांवरून रोमचा सूर एका दशकातच बदलला. २००३ मध्ये, १९८५ चे उत्तर देणाऱ्या त्याच कार्डिनलांनी या मालिकेच्या एका जर्मन टीकाकार बाईंना खासगी पत्रातून दाद दिली. २००९ मध्ये व्हॅटिकनच्या दैनिकाने सहाव्या चित्रपटाचे कौतुक केले, कारण त्यात चांगले आणि वाईट यांतली रेघ स्पष्ट आहे. दोन्हींपैकी एकही अधिकृत शिकवण नव्हती. तरी घराघरांतल्या वादात दोन्ही कात्रणे अजून वापरली जातात.

‘कॅथलिक लेखक’ हे बिरुद स्वतः लेखकांनाच अडचणीचे वाटत आले आहे. मेक्सिकोची कादंबरी लिहिणाऱ्याने, आपण लेखक आहोत आणि योगायोगाने कॅथलिक आहोत, असे पुन्हा पुन्हा सांगितले. बिरुद तरीही चिकटून राहिले, कारण प्रकाशकांना ते सोयीचे.

१७ जुलै २०२४ च्या पत्रात तेव्हाच्या पोपनी धर्मगुरूंच्या घडणीत कादंबरी-कवितेला जागा मागितली. मोबाइल-संगणकाच्या पडद्यापासून सुटण्यासाठी, हे एक कारण; दुसऱ्याचा आवाज ऐकायची सवय लागावी, हे त्याहून मोठे. त्यात एक आठवण आहे. अर्जेंटिनातल्या सांता फे येथे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या शाळेत ते तरुणपणी साहित्य शिकवत. अभ्यासक्रमात मध्ययुगीन स्पॅनिश वीरकाव्य, आणि मुलांना हवा होता विसाव्या शतकातला स्पॅनिश कवी लोर्का. शिक्षकाने तोडगा काढला: वीरकाव्य घरी वाचा, वर्गात तुमच्या आवडीच्या लेखकांवर बोलू. साल होते १९६४–६५. सूची तेव्हा अजून लागू होती.