परदेशात शेतावर राबून राहायचंय? सोलापूरकरांसाठी व्हिसा, पात्रता आणि कागदपत्रं

दिवसाला चार ते सहा तास शेतात काम आणि त्या बदल्यात राहणं-जेवण. पैशांची देवघेव नाही. सेंद्रिय शेतांवरची ही पद्धत 'वूफ' या नावाने १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झाली आणि आज अनेक देशांत तिच्या स्वतंत्र संस्था आहेत. डाळिंबाच्या बागेत छाटणी, ठिबकच्या नळ्या धुणं यात वाढलेल्यांना कामाची भीती नसतेच. घोडं अडतं ते व्हिसापाशी.

वर्गणी भरून सदस्य झालात की शेतमालकांची यादी दिसते, पत्रव्यवहार करता येतो. एवढंच. सदस्यत्व म्हणजे व्हिसा नव्हे. अनेक देशांचा कायदा जेवण-राहण्याच्या बदल्यात केलेल्या श्रमालाही 'काम'च मानतो, न्यूझीलंड त्यातलाच. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा चालते, पण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी आणि जास्तीत जास्त ३० दिवस. खासगी शेत त्यात बसत नाही. 'फिरायला आलोय' असं सांगायचं आणि फोनमध्ये शेतमालकाशी कामाचे तास ठरवलेले संदेश, हे विमानतळावर सापडलं तर तिथूनच परत पाठवतात. तो नकार पुढे व्हिसाच्या अर्जांत लिहावा लागतो. म्हणून आधी व्हिसा ठरवा, शेत नंतर.

कोणता देश जमेल?

पहिल्या खेपेला नेपाळ सर्वांत सोपा. भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे तिथे राहायला अडचण येत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. नुसत्या आधार कार्डाच्या भरवशावर निघू नका.

ऑस्ट्रेलियाचा ४६२ क्रमांकाचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा भारतीयांना २०२४ पासून खुला झाला. वर्षाला १,००० जागा, निवड सोडतीने. सोडतीसाठी पासपोर्ट, पॅन कार्ड, ईमेल आणि २५ ऑस्ट्रेलियन डॉलर शुल्क लागतं. वय १८ पूर्ण आणि ३१ च्या आत, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं पूर्ण झालेलं शिक्षण, इंग्रजीचा पुरावा (आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिलीत तर सरासरी ४.५) आणि खात्यात सुमारे ५,००० डॉलर, शिवाय विमानभाडं. नाव निघालं की अर्जाला २८ दिवसच मिळतात, त्यामुळे इंग्रजीची परीक्षा आणि गुणपत्रिका आधीच हाताशी ठेवा. या व्हिसावर दुसरं वर्ष मिळवायचं असेल तर ठरावीक भागात तीन महिने शेतीकाम किंवा तत्सम काम करावं लागतं आणि ते पगारीच हवं. राहण्या-जेवणाच्या बदल्यातलं काम त्यात धरलं जात नाही. पगाराच्या पावत्या जपून ठेवा.

ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना पदवीधरांसाठी आहे: वय १८ ते ३०, दोन वर्षं मुक्काम, सोडत मोफत, खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस. आरोग्य अधिभार वेगळा भरावा लागतो. शुल्कं बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरच खात्री करा.

पासपोर्ट आणि नाव

सोलापुरात टपाल कार्यालयातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे; ते पुणे प्रादेशिक कार्यालयाखाली येतं. ३६ पानी पासपोर्टचं साधं शुल्क १,५०० रुपये. दहावीचं प्रमाणपत्र जोडा, म्हणजे परदेशी नोकरीसाठी वेगळ्या परवानगीची अट लागू होत नाही. सगळ्यात जास्त गोंधळ नावाचा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवरच्या नावातून मधलं वडिलांचं नाव गायब. पासपोर्टवर जे छापलं जाईल तेच बँकेत आणि पॅनवर करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला तयार ठेवावा.

पैशांचा पुरावा

शेतकरी घरातला अर्ज इथे हमखास लंगडा पडतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे अनेक घरांत आयकर विवरणपत्र भरलेलंच नसतं. त्यात डाळिंब किंवा कांदा विकल्यावर दोन-तीन लाख एकदम खात्यात येतात. अर्ज तपासणाऱ्याला ते उसने आणून भरल्यासारखे दिसतात. म्हणून त्या रकमेशेजारी बाजार समितीतल्या अडत्याची पट्टी जोडा: तारीख, माल, वजन, भाव आणि हाती आलेली रक्कम खातेपुस्तकातल्या नोंदीशी जुळली पाहिजे. सोबत वडिलांचा सातबारा आणि आठ-अ. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. गट क्रमांक आणि क्षेत्राचे आकडे भाषांतरात चुकतात, स्वतः वाचून घ्या. खर्च वडील करणार असतील तर त्यांचं हमीपत्रही द्या, मात्र रक्कम स्वतःच्या नावे हवी, असं काही योजना सांगतात.

'शेतकामाचा व्हिसा करून देतो' म्हणून लाख-दोन लाख मागणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. परदेशी नोकरी लावणाऱ्याकडे केंद्र सरकारची नोंदणी असावी लागते आणि त्याचं सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापलीकडे जाऊ शकत नाही.

निघण्याआधी

शेतमालकाकडून लेखी घ्या: रोज किती तास, आठवड्याची सुट्टी, स्वतंत्र खोली आहे का, शाकाहार चालेल का, जवळचा बस थांबा किती लांब. विमा घेताना शेतमजुरीतली दुखापत त्यात धरली आहे का ते पाहा. साध्या प्रवास विम्यात ती बहुधा वगळलेली असते. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

ऑस्ट्रेलियाला जाताना बुटांच्या तळव्यांतली माती ब्रशने पूर्ण काढा. शेंगाचटणी, कडक भाकरी, काहीही खाण्याचं असेल तर विमानातल्या कार्डावर 'होय' लिहा. लिहिलेलं असेल तर फार तर वस्तू काढून घेतात. लपवलं तर दंड होतो. ज्वारीचं बियाणं नेऊच नका.