घंटेचा गोड नाद आणि चांदीचा समज

इंग्लंडमधील जुन्या वाड्यांच्या मनोऱ्यावरील घड्याळांच्या घंटा मधुर वाजतात, कारण ओतकामाच्या वेळी त्यांत चांदी टाकलेली असते, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. समज सुंदर आहे आणि चांदीच्या नाण्याचा खणखणाट ऐकलेल्या कोणालाही तो पटावा असाच आहे; मात्र तो खरा नाही.

घंटेचा धातू म्हणजे साधारण 77 ते 80 टक्के तांबे आणि उरलेले कथील. कथिलाचे हे भरघोस प्रमाण मिश्रधातूला कठीण बनवते, त्यामुळे आघातानंतरचे कंपन दीर्घकाळ टिकते. चांदी मऊ असल्याने ती जास्त मिसळल्यास नाद उलट मंदावतो. सूर ठरतो तो घंटेच्या आकारावर आणि काठाजवळच्या जाडीवर. घड्याळाचा हातोडा बाहेरून आघात करून लगेच मागे सरला पाहिजे, यासाठी त्याला स्प्रिंग असते. तो टेकून राहिला तर उत्तम घंटाही बद्द वाजते. लंडनमधील वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाची, 1858 साली ओतलेली मोठी घंटा (बिग बेन) पुढच्याच वर्षी तडकली, तेव्हा आघात दुसऱ्या जागी पडावा म्हणून ती थोडी फिरवून हलका हातोडा बसवण्यात आला. धातू तोच होता, तरी तडा गेल्याने नाद बदलला.

पडताळणीसाठी घंटा कापावी लागत नाही. क्ष-किरणांच्या हातात धरायच्या उपकरणाने पृष्ठभागाच्या धातूंचे प्रमाण कळते, मात्र आधी गंज हलकेच दूर करावा लागतो. आतील बाजूस बारीक वर्तुळाकार रेषा दिसल्या, तर लेथवर धातू तासून सूर जुळवल्याची ती खूण असते.