पार्श्वभूमी : नवा पाय, पेशींची जुनी ओळख

रंकाळ्याकाठच्या डबक्यातल्या टॅडपोलचा मागचा पाय कोवळा असताना तुटला तर बहुधा पुन्हा येतो. बेडूक झाल्यावर ही क्षमता जाते. सॅलॅमँडर हा पालीसारखा दिसणारा उभयचर ती आयुष्यभर राखतो. सह्याद्रीत सॅलॅमँडर नाहीत, म्हणून कोल्हापूरच्या विद्यार्थ्याची त्याच्याशी गाठ पडते ती पुस्तकातच. तिथे एक समजूत अजून तग धरून आहे : जखमेवर जमलेल्या ब्लास्टेमातल्या, म्हणजे नवा पाय घडवणाऱ्या गोळ्यातल्या, पेशी आपली ओळख पुसून टाकतात आणि त्यांतून वाटेल ती ऊती घडते.

पाय पुन्हा उगवतो, ही नोंद १७६८ची, इटलीतली. ओळख पुसली जाण्याची समजूत मात्र विसाव्या शतकात बळावली आणि त्यात पेशींचा माग काढायच्या खुणांचा दोष मोठा होता. डीएनएत मिसळणारे किरणोत्सारी थायमिडिन दर विभाजनाला निम्मे होत जाते. त्वचेच्या कलमाला चार स्नायूपेशी चिकटून आल्या तरी त्या पुढे वाढतात, आणि त्वचेतूनच स्नायू झाला असे दिसते. २००९ मध्ये सॅलॅमँडरची एक जात असलेल्या अ‍ॅक्सोलॉटलच्या एकेका ऊतीला हिरव्या चकाकत्या प्रथिनाचे जनुक देऊन पाहिले. ही खूण वारशाने उतरते, विरत नाही. स्नायूतून कूर्चा झाली नाही, अंतस्त्वचेतून कूर्चा झाली पण स्नायू नाही, चेतातंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशी श्वान पेशीच राहिल्या.

तरी पेशी किती मागे जातात हा वाद उरला, आणि तो रास्त होता. न्यूट या दुसऱ्या सॅलॅमँडरमध्ये प्रौढ स्नायूतंतू फुटून एककेंद्रकी पेशी होतात. अ‍ॅक्सोलॉटल राखीव मूलपेशी वापरतो. दोन्हीकडे शेवटी स्नायूच बनतो. खरोखर मागे जातात त्या इतर ऊतींना बांधून ठेवणाऱ्या संयोजी ऊतीच्या पेशी, भ्रूणातल्या पायाच्या अंकुरासारख्या अवस्थेपर्यंत. तेवढ्यापुरती जुनी समजूत खरी.

नवल हे की जागेची आठवणही याच पेशी जपतात. २०२४ मध्ये त्या वेगळ्या काढून तपासल्या. सरसकट ऊती घेतली तर इतर पेशींच्या गर्दीत हा संकेत बुडतो. डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन एच-३ प्रथिनाच्या २७व्या लायसिनवर (एक अमिनो आम्ल) तीन मिथाइल गट बसले की जनुक दबते. या खुणेचे प्रमाण दंड आणि पंजा यांत वेगळे निघाले. पंजात तो घडवणारे हॉक्स-ए-१३ जनुक मोकळे असते, म्हणून तिथे कापले तर दंडाचा टप्पा वगळून थेट पंजाच घडतो. जीवनसत्त्व अ ही आठवण बदलते : १९८२च्या प्रयोगांत मनगटावर कापून हे जीवनसत्त्व दिलेल्या अ‍ॅक्सोलॉटलला तिथूनच अख्खा हात फुटला, आणि १९९२ मध्ये भुवनेश्वरहून कळले की त्याच उपायाने टॅडपोलच्या तुटल्या शेपटीच्या जागी पाय आले.

करंगळीकडच्या बाजूची आठवण २०२५ मध्ये उलगडली. तिथल्या पेशी हँड-२ जनुक थोडे चालूच ठेवतात. जखम झाली की ते सॉनिक हेजहॉग या संकेत देणाऱ्या जनुकाला जागे करते. अंगठ्याकडच्या पेशींना हा संकेत दिला तर त्या करंगळीकडच्या होतात, उलट बदल मात्र सहज होत नाही.