इआवनाना

इआवनाना : कॉकेशसमधील जॉर्जिया या देशातील बायकांचा एक पारंपरिक गीतप्रकार. घरातल्या मुलाला गोवर, कांजिण्या किंवा देवी आल्या की त्याच्या उशाशी बसून आई, आजी, शेजारणी ही गाणी म्हणत. चाल थेट अंगाईची, पण आळवणी आजाराची. आजार हा मुलाच्या अंगात उतरलेला पाहुणा. तो मानी असतो, अपमान झाला तर बिथरतो, म्हणून त्याला रिझवून, गोंजारूनच वाटेला लावायचे, अशी त्यामागची समजूत आहे.

‘इआ’ म्हणजे व्हायोलेटचे जांभळे फूल आणि ‘वार्दी’ म्हणजे गुलाब. ‘नाना’ हा आपल्या ‘जो जो’सारखा झोपवण्याचा बोल. ‘इआव नाना, वार्दो नाना, इआव नानिनाओ’ हे पालुपद थोड्याफार फरकाने सगळीकडे ऐकू येते. ‘नाना’ हे मूळ एखाद्या प्राचीन मातृदेवतेचे नाव असावे, असे काही अभ्यासक मानतात; पण तो तर्कच आहे. साध्या पाळण्याच्या गाण्याला जॉर्जियन लोक ‘आक्वनिस नाना’ म्हणतात (‘आक्वानी’ म्हणजे पाळणा) आणि ते इआवनानापासून वेगळे धरतात.

या पाहुण्यांना ‘बातोनेबी’ म्हणतात. ‘बातोनी’ म्हणजे धनी, मालक. ‘बातोनेबी’ हे त्याचे अनेकवचन. शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहे : कुणी हाक मारली तर जॉर्जियन माणूस ‘बातोनो?’ अशी ओ देतो, आपण ‘जी?’ म्हणावे तशी. गाण्यांतले बातोनेबी सात भावंडे आहेत. ती समुद्रापलीकडून येतात आणि सात गावांत पसरतात.

मराठी वाचकाला यात परके काही वाटू नये. आपल्याकडे त्या रोगाचे नावच ‘देवी’, आणि त्या ‘येतात’ तेही मानाने, अनेकवचनात. जॉर्जियन भाषा एक पाऊल पुढे गेली. तिच्यात देवीच्या रोगाला ‘क्ववीली’ म्हणतात, आणि क्ववीली म्हणजे फूल. गोवराचे नाव ‘त्सितेला’, तांबड्या रंगावरून पडलेले.

बातोनेबी घरात असेपर्यंत घराची रीत बदले. मोठ्याने बोलायचे नाही, भांडायचे नाही, कोंबडे-बकरे कापायचे नाही. खोलीत तांबडी वस्त्रे टांगत, फुले ठेवत, गोडधोडाचे तबक मांडत. अक्रोडाचा गर जाळून त्याचा वास दरवळू देत. आजाऱ्याचा हट्ट पुरवायचा, कारण मागतो तो मुलगा नव्हे, त्याच्या तोंडून पाहुणाच मागतो. कांजिण्यांच्या घरात फोडणी बंद ठेवून कडुलिंबाचा डहाळा आणणाऱ्या आपल्या आज्यांना हे सगळे सहज पटले असते. दुखणे उतरले की पाहुण्यांची रीतसर पाठवणी होई.

बातोनेबींना संगीत आवडते, म्हणून गाण्याला वाद्याची साथ असे. पूर्व जॉर्जियात तीन तारांची पंदुरी, पश्चिमेला चार तारांची चोंगुरी; चोंगुरी तर मुख्यतः बायकांच्याच हातातले वाद्य. कार्तली आणि काखेती या पूर्वेकडच्या प्रांतांत एकटीने किंवा दोघींनी आळीपाळीने गायची रूपे आढळतात, आणि खालच्या सुरात इतर जणी एकच स्वर लांबवून धरतात. चाल थोड्याशा स्वरांत फिरते, वरून खाली उतरत येते, लय झोपाळ्याच्या हेलकाव्याची. पश्चिमेकडच्या गुरियात हीच विनवणी तीन स्वतंत्र आवाजांत होते. तिथल्या एका प्रकाराचे नाव ‘साबोदिशो’. ‘बोदिशी’ म्हणजे माफी. मूल बरे होत नसेल तर घरच्यांकडून काही चुकले असणार, हे गृहीत धरून मागितलेली ही माफी आहे. आवाज एकमेकांत गुंततात तेव्हा ऐकणाऱ्याला उत्सवाचे गाणे वाटावे; पाहुण्यापुढे रडायचे नाही, हाही रिवाजच.

साहित्यात या गाण्याला अढळ जागा मिळाली ती याकोब गोगेबाश्विली (१८४०–१९१२) यांच्यामुळे. जॉर्जियन मुलांच्या पिढ्या ज्यावर अक्षर शिकल्या ते ‘देदा एना’ हे बालबोध पुस्तक त्यांचेच. १८९० साली त्यांनी ‘इआवनानाने काय केले?’ या अर्थाच्या शीर्षकाची कथा लिहिली. लहानपणी पळवून नेलेली केतो बऱ्याच वर्षांनी घरी परतते, पण भाषा विसरलेली, आईलाही न ओळखणारी. सगळे उपाय थकल्यावर आई तिच्या लहानपणीची इआवनाना गाऊ लागते, आणि मुलीला ओळख पटते. कथा हळवी आहे, थोडी प्रचारकीही. तरी रशियन सत्तेखालच्या त्या काळात मातृभाषेसाठी याहून साधा दाखला सापडणे कठीण होते.

जॉर्जियन बहुध्वनी गायनाचा, म्हणजे एकाच वेळी अनेक वेगळ्या आवाजांत गाण्याच्या परंपरेचा, युनेस्कोने २००१ मध्ये गौरव केला आणि २००८ मध्ये ते मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत आले. पण जगाला त्यातून ओळख झाली ती प्रामुख्याने मेजवानीतल्या पुरुषांच्या भारदस्त गाण्यांची. बायकांची गाणी घराच्या आत म्हटली जात, त्यामुळे ती मंचावर उशिरा आली. १९८६ मध्ये राजधानी त्बिलिसीत लोकसंगीताच्या अभ्यासक असलेल्या काही स्त्रियांनी ‘म्झेताम्झे’ हा संच उभा केला आणि अंगाई, विलाप, बातोनेबींची गाणी असा बायकांचाच ठेवा गायला घेतला.

१९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे जगातून निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. सात भावंडांतले सर्वांत भयंकर ते गेले. गाणे मात्र आता निरोगी मुलांना झोपवायला म्हटले जाते, आणि त्यात पाहुण्यांना अजून ‘बातोनेबो’ अशीच हाक मारतात.