सर्व्हर अडकला की भोंगा वाजला?

स्मार्ट सिटीवर सायबर हल्ला झाल्याची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला: डेटा गेला का? पण शहरावरचे हल्ले दोन जातींचे असतात. एकात कार्यालयातली माहिती अडकते, दुसऱ्यात रस्त्यावरचं यंत्र परक्याचं ऐकायला लागतं. दोन्हींचा इलाज वेगळा.

पहिल्या जातीतलं अटलांटाचं प्रकरण गाजलेलं आहे. 22 मार्च 2018 रोजी ‘सॅमसॅम’ या रॅन्समवेअरने या अमेरिकी शहराच्या फायली कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी सुमारे 51 हजार डॉलरचे बिटकॉइन मागितले. पाण्याची बिलं ऑनलाइन भरता येईनात, न्यायालयाचं काम खोळंबलं, पोलीस हाताने रिपोर्ट लिहू लागले. नळाला पाणी मात्र येत होतं. खंडणी दिली नाही, तरी सावरण्यात लाखो डॉलर गेले. पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर 2021 मध्ये झालेला हल्लाही याच जातीचा. इथे बॅकअप कामी येतो. तो मूळ नेटवर्कपासून तोडून ठेवलेला हवा, नाहीतर तोही सोबत कुलूपबंद होतो.

दुसऱ्या जातीतलं, अमेरिकेतल्याच डलास शहरात घडलं ते मला जास्त अस्वस्थ करतं. 7 एप्रिल 2017 च्या रात्री, पावणेबाराच्या आसपास, वादळाचा इशारा देणारे शहरातले सगळे 156 भोंगे एकदम वाजू लागले. आभाळात वादळ नव्हतं. घाबरलेल्या लोकांनी 911 या आपत्कालीन क्रमांकावर चार हजारांहून जास्त फोन केले. भोंगे थांबायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. शेवटी मध्यरात्रीनंतर अख्खी यंत्रणाच बंद करावी लागली, तीही वादळांच्या हंगामात.

गंमत म्हणजे, यात शहराच्या संगणकात कुणी शिरलंच नव्हतं. भोंगे रेडिओवरून येणाऱ्या ठरावीक सुरांवर चालत. चाचणीच्या वेळी हवेत गेलेले सूर कुणीतरी रेकॉर्ड करून पुन्हा ऐकवले असावेत, असा अनेक तज्ज्ञांचा कयास आहे. आज्ञा बरोबर होती, ती देणारा कोण हे भोंग्याने विचारलंच नाही.

इथे बॅकअप काय करणार? हरवलं काहीच नव्हतं. नंतर डलासने संदेश सांकेतिक केले. पण तेवढ्याने भागत नाही: सांकेतिक संदेशही जसाच्या तसा रेकॉर्ड करून पुन्हा पाठवता येतो. म्हणून प्रत्येक आज्ञेला वेळेचा किंवा अनुक्रमाचा शिक्का लागतो. कालची आज्ञा आज चालता कामा नये. सिग्नल, पंप, पथदिवे, सगळ्यांना हेच लागू.

शिवाय पहिल्या दारातून दुसऱ्या खोलीत जाता येतं. युक्रेनमध्ये वीज कंपन्यांच्या कार्यालयांत ईमेलला जोडलेल्या फायलींतून हल्लेखोर शिरले आणि 23 डिसेंबर 2015 रोजी थेट नियंत्रण कक्षापर्यंत पोचले. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा माऊस आपोआप सरकत होता आणि एकेक ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा स्विच, उघडून पुरवठा बंद करत होता. सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. बॅकअपची वाट न पाहता माणसं उपकेंद्रांवर गेली, हाताने स्विच लावले आणि काही तासांत वीज परत आणली.